शुद्धीत नव्हता म्हणे!

"तसा माणूस चांगला आहे हो, पण त्या दिवशी शुद्धीत नव्हता." मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल! सासूच्या तोंडून ऐकलं, जावेच्या तोंडून ऐकलं, पोलीस ठाण्यातल्या जमादाराच्या तोंडून ऐकलं. माहेरच्यांनी दंडावरचा वळ पाहिल्यावर कधी आपणही तेच म्हणून वेळ मारून नेली. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे याचं आणखी एक रूप आहे. "तो नाही जी बोलला, त्याच्या पोटातली दारू बोलली." म्हणजे माणूस वेगळा आणि दारू वेगळी. मार खाणारी मात्र एकच.

आता हे वाक्य घराचा उंबरठा ओलांडून चावडीवर आलं आहे. सरपंच ग्रामसभेत झोकांड्या खात येतो, सभापती भर कार्यक्रमात एखाद्या आशाताईला नको ते बोलतो, पुढाऱ्याचा कुठल्याशा लॉजवरचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो. दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते दारोदारी हजर. भाऊंना व्यसन आहे, मान्य, पण व्यसन हा आजारच आहे ना? आजारी माणसाला दगड मारायचे का? भाऊंचं लहानपण कसं गेलं तुम्हाला काय ठाऊक! बाप पिणारा, आई लवकर गेली, चुलत्यानं वाढवलं, मारलं, उपाशी ठेवलं. असं काही ऐकलं की आपण बायका लगेच विरघळतो. आजाऱ्याची सेवा करायची सवय आपल्या हाडात मुरलेली असते आणि समोरच्याला ते नेमकं माहीत असतं.

तेव्हा जरा शांतपणे विचार करू या. व्यसन आजार आहे का? आहे. लहानपणीचा घाव मोठेपणी ठणकतो का? ठणकतो. पण पुढाऱ्यानं केलेली गैरवर्तणूक त्यामुळे माफ होते का? माझं मत मी आधीच सांगून टाकते. नाही होत. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, कारण आणि सबब. कारण ऐकून घ्यावं, सबब ऐकून घेऊ नये. अडचण एवढीच की दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून आणि पुष्कळदा एकाच वाक्यात येतात.

आधी थोडं दूरचं बघू, म्हणजे जवळचं नीट दिसेल. कॅनडातल्या टोरोंटो या मोठ्या शहराचे महापौर होते रॉब फोर्ड. ते कोकेनचा एक प्रकार ओढतात, त्याचा व्हिडिओ आहे, अशी बातमी २०१३ मध्ये फुटली. कित्येक महिने त्यांनी साफ नाकारलं. नोव्हेंबरमध्ये मात्र पत्रकारांसमोर कबूल केलं, आणि कसं? तर आपण ते ओढलं असेल, बहुधा दारूच्या नशेत असताना. म्हणजे एका व्यसनाची सबब दुसरं व्यसन! आपल्याकडचे नवरे तरी एवढे हुशार नाहीत. फोर्ड यांनी राजीनामा दिला नाही. नगर परिषदेला त्यांना पदावरून काढण्याचा अधिकार नव्हता, म्हणून तिनं ठराव करून त्यांचे बरेचसे अधिकारच काढून घेतले. पुढच्या वर्षी ते उपचारांसाठी दाखल झाले. २०१६ मध्ये कर्करोगानं त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर जीव टाकणारे मतदार शेवटपर्यंत होते, हेही सांगायला हवं. आपल्याला ओळखीचं वाटतं ना हे?

इंग्लंडमध्ये चार्ल्स केनेडी नावाचे नेते होते. इराकच्या युद्धाला त्यांनी ठाम विरोध केला होता. लोकांचे आवडते होते. त्यांना दारूचं व्यसन होतं आणि तेही वर्षानुवर्षं ते नाकारत आले होते. जानेवारी २००६ मध्ये एक वाहिनी ही बातमी देणार असं कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच पुढे येऊन सांगितलं, की मला दारूचा त्रास आहे, मी उपचार घेतो आहे. दोनच दिवसांत पक्षाचं नेतेपद सोडलं. खासदार म्हणून ते पुढंही निवडून आले. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा विरोधकही हळहळले. त्यांच्या नावावर कुणाला मारहाण नव्हती, पैशाची लबाडी नव्हती. आजारी होते, एवढंच.

त्याच देशातला तिसरा माणूस बघा. जॅरेड ओमारा. २०१७ मध्ये एका बड्या नेत्याला हरवून शेफील्डहून निवडून आला. जन्मापासून शारीरिक अपंगत्व, त्यात स्वमग्नता, नैराश्य आणि वर कोकेनचं व्यसन. कुणालाही कणव यावी अशी कहाणी. पण खासदाराला कार्यालयाचा खर्च मिळतो त्यासाठी या गृहस्थानं खोटी बिलं लावली. आणि बिलं कुणाच्या नावाची? स्वमग्न लोकांसाठी काम करणाऱ्या, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेल्या एका संस्थेच्या नावाची! सुमारे ५२ हजार पौंडांचा हा उद्योग, व्यसनाची तहान भागवायला. २०२३ मध्ये न्यायालयात त्याचा आजार, त्याचं व्यसन सगळं मांडलं गेलं. न्यायालयानं ऐकून घेतलं आणि चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्याची कहाणी खोटी होती असं नाही. पण बिलं लिहिताना हात थरथरत नव्हता ना?

आता आपल्या देशात येऊ. पंजाबचे भगवंत मान खासदार असताना विरोधक त्यांच्यावर संसदेत पिऊन येण्याचे आरोप करायचे. जानेवारी २०१९ मध्ये बर्नाल्याच्या सभेत त्यांनी आईला व्यासपीठावर आणून जाहीर केलं, की मी दारू सोडली. पक्षप्रमुखांनी तिथंच त्यांचं कौतुक केलं. २०२२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. नंतरही विरोधक आरोप करत राहिले आणि त्यांचा पक्ष ते नाकारत राहिला. त्यातलं खरंखोटं मी करत बसत नाही. मला नवल वाटलं ते टाळ्यांचं. दारू सोडणं कठीण असतं, ज्यानं सोडली त्याला शाबासकी द्यावीच. पण आठ दिवस न पिता घरी आलेला नवरा जसा सगळ्यांकडं बघतो, आरती ओवाळायची राहिलीच की, अशा नजरेनं, तसं ते वाटलं. दारू सोडणं हे त्याचं स्वतःवरचं कर्ज फेडणं झालं. पिऊन ज्यांना त्रास दिला त्यांचं देणं वेगळंच राहतं.

कायदा याबाबतीत काय म्हणतो, हेही बायकांना माहीत असावं. कारण ठाण्यात गेल्यावर आपल्याला "अहो, नशेत होता तो" असं सांगून परत पाठवतात. आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेत ८५ आणि ८६ ही कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तीच गोष्ट २३ आणि २४ या कलमांत आहे. अर्थ साधा आहे. कुणी एखाद्याला नकळत किंवा जबरदस्तीनं नशा चढवली आणि त्यामुळे त्याला आपण काय करतो याचं भानच राहिलं नाही, तर कायदा त्याला वेगळं मानतो. स्वतःच्या हातानं प्याला असेल तर मात्र शुद्धीतल्या माणसाला जे कळतं ते त्यालाही कळत होतं, असं धरूनच कायदा चालतो. त्याचा हेतू काय होता हे न्यायालय परिस्थिती पाहून ठरवतं. पण "पिलो होतो" एवढ्यानं कुणी सुटत नाही.

१९५६ साली सर्वोच्च न्यायालयानं दिलेला एक निकाल वकील मंडळी अजून सांगतात. पंजाबातल्या एका गावात लग्न होतं. लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार पाहुण्यांबरोबर भरपूर प्याला. जेवायच्या वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या एका पोराला म्हणाला, जरा सरक, मला नीट बसू दे. पोरगा सरकला नाही. जमादारानं पिस्तूल काढलं आणि त्याच्या पोटात गोळी घातली. मग पळाला, थोड्या अंतरावर पकडला गेला आणि पकडल्यावर माफी मागू लागला, की माझ्या हातून झालं. न्यायालयानं म्हटलं, याला पळून जायचं सुचलं, आपण काय केलं हे कळलं, माफी मागायचं सुचलं, मग भान नव्हतं कसं म्हणायचं? खुनाची शिक्षा कायम राहिली. "माझ्या हातून झालं" हे शब्द आपल्या किती ओळखीचे आहेत! मी केलं असं कुणी म्हणत नाही. झालं म्हणतात. जणू पाऊस झाला.

याच ठिकाणी मला आपल्या अनुभवाची गोष्ट आठवते. प्रत्येक गावातल्या बाईला ठाऊक असलेली. पिऊन तर्र झालेला माणूस बायकोला मारतो, सुनेला शिव्या घालतो, अंगणवाडीच्या ताईला दरडावतो. पण त्याच अवस्थेत तहसीलदाराची जीप आली की सदऱ्याची बटणं लावतो आणि नमस्कार करतो. ठाणेदारासमोर आवाज चढत नाही. मंत्र्याच्या दौऱ्यात, कितीही घेतलेली असो, भाऊ हात जोडून मागे उभे असतात. मग ही कसली नशा, जिला समोरच्याचं पद दिसतं? दारू फक्त गाठोडं सोडते, बाहेर पडतं ते आधीपासून गाठोड्यात असलेलंच. फार वर्षं पिऊन मेंदूवर परिणाम झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याला दवाखान्यातच न्यायला हवं. पण तो निवडणुकीचे फॉर्म भरत नसतो.

आणि समजा, पुढाऱ्याचं म्हणणं शब्दशः खरं मानलं? खरंच त्याला भान नव्हतं, स्वतःवर ताबा नव्हता असं धरून चाललो, तर? मग राज्यघटना काढून बघा. न्यायालयानं मनोविकल ठरवलेल्या माणसाला आमदार-खासदार राहता येत नाही, असं १९१ आणि १०२ या अनुच्छेदांत सरळ लिहिलं आहे. म्हणजे ही सबब खरी असेल तर ती खुर्ची वाचवत नाही, उलट खुर्ची खाली करायला सांगते. दुसऱ्या बाजूनं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बघा. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास त्यात आजारातच धरले आहेत आणि त्यांवर उपचार मिळणं हा हक्क मानला आहे. पण तोच कायदा हेही सांगतो, की कुणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो वेडा, अजाण ठरत नाही. वाचताना मला हे फार आवडलं. आजाऱ्याला माणूस म्हणून मान द्यायचा असेल तर त्याच्या वागण्याची जबाबदारीही त्याचीच मानावी लागते. आजारी म्हणून दया मागायची आणि नेता म्हणून सत्ताही मागायची, हे दोन्ही एका दमात जमत नाही.

लहानपणच्या घावांबद्दलही बोलायला हवं. पिणाऱ्या बापाच्या घरात वाढलेलं पोरगं कायम दचकून असतं. दाराची कडी वाजली की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो गोळा चाळिशीतही जात नाही. हे सगळं खरं आहे. पण त्याच घरात एक बहीणही वाढलेली असते. तिनंही तेच पाहिलं, तिनंही मार खाल्ला, वर शाळाही सुटली. ती मोठी होऊन कुणाला छळत सुटली असं आपण सहसा ऐकत नाही. बचतगटात आली की सगळ्यांत आधी पासबुक काढते. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर हजारो बाया पायी निघाल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी करा म्हणून. श्रमिक एल्गार ही संघटना आणि पारोमिता गोस्वामी त्यात पुढे होत्या. थंडीत, डोक्यावर बोचकं घेऊन त्या चालल्या. दारूनं पोळलेलं लहानपण आणि पोळलेला संसार यातल्या किती जणींच्या पाठीशी असेल! त्यांच्या घावांनी त्यांना रस्त्यावर आणलं. आपल्या दुःखासाठी कुणाकडं माफी मागायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

गडचिरोलीचा इतिहास तर त्याहून जुना. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथं आले, त्यांनी 'सर्च' संस्था काढली. गावागावांत आरोग्याचं काय दुखणं आहे असं विचारायला गेलं तर बाया दारूचं नाव घ्यायच्या. त्यातून दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये लोकांच्या मागणीवरून जिल्ह्यात दारूबंदी झाली. तेव्हाही एक सबब ठरलेली होती, की आदिवासींची संस्कृतीच दारूची, त्यांना तुम्ही काय थांबवणार? पूजेला मोहाची धार द्यायची रीत गोंड-माडिया समाजात आहे, खरं आहे. पण देवापुढची ती धार आणि बाजारच्या दिवशी दुकानातून विकलेली बाटली यांत काय फरक असतो, हे तिथल्या बायांनीच सांगितलं. देवाला वाहायला परवाना लागत नाही.

मला या दोन जिल्ह्यांचं विशेष वाटतं ते पुढंच. दारू बंद करा म्हणणारी बाईच तिथं नवऱ्याला उपचाराला घेऊन जाते. २०१६ पासून गडचिरोलीत 'मुक्तिपथ' चालतं, शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांचं मिळून. तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार केंद्र, गावात शिबिरं. दारू एकदम सोडली की हात कापतात, झोप जाते, भलतंसलतं दिसायला लागतं. अशा वेळी औषध लागतं, नुसती शपथ पुरत नाही. सुटलेली पुन्हा सुरू होते, पुन्हा आणावं लागतं. हे सगळं त्या बाया करतात, आणि तोच नवरा पिऊन धिंगाणा घालायला लागला तर गाव संघटनेसमोर उभाही करतात. दया आणि जाब, दोन्ही एकाच हातात. शिकलेल्या माणसांच्या चर्चेत मात्र सारखं विचारतात, की व्यसनी माणसाला आजारी समजायचं की गुन्हेगार? अहो, धानोरा-कुरखेड्याकडच्या बाईला विचारा, ती दोन्ही कामं एका आठवड्यात करते.

पुढाऱ्यांचं व्यसन आणि गरिबाचं व्यसन यांत मात्र आपण भलताच भेद करतो. रोजंदारीवर जाणारा पडला असेल तर बेवडा. पुढारी पडला असेल तर भाऊंची तब्येत बरी नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, त्यातही कलम ८५ आहे, योगायोग बघा. सार्वजनिक ठिकाणी पिऊन गोंधळ घालणाऱ्यासाठी ते आहे. ते कुणावर लागतं आणि कुणावर लागत नाही, हे कुठल्याही बसस्टँडवर बसून बघता येईल. आणि एखादी बाई सदस्य पिऊन सभेला आली तर? तिचं लहानपण कुणी विचारील का? त्याच संध्याकाळी तिचा निकाल लागेल. बाई सरपंच असेल आणि तिचा नवरा पिऊन कार्यालयात धुडगूस घालत असेल तर तिचंच पद धोक्यात येतं. त्याची नशा, तिचा राजीनामा.

इथं आणखी एका प्रकारच्या पुढाऱ्याबद्दल बोलायलाच हवं. स्वतः थेंबही न घेणारा, माळ घातलेला, पण मतदानाच्या आदल्या रात्री मोहल्ल्यात पेट्या उतरवणारा. त्याच्याकडं व्यसनाची सबब नाही, म्हणून तो लोकांचं व्यसन सबब म्हणून वापरतो. लोकच मागतात हो, नाही दिलं तर मत देत नाहीत! मतासाठी खाऊपिऊ घालणं ही कायद्यानं लाच आहे. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते, ती याच्याचसाठी. गडचिरोलीत मुक्तिपथनं निवडणुकीच्या वेळी उमेदवारांकडून दारू वाटणार नाही असं लिहून घ्यायला सुरुवात केली, हे फार बरं केलं. कागद काही पोलीस नसतो. पण सही केलेल्या माणसाला नंतर "मला ठाऊकच नव्हतं" म्हणायला तोंड राहत नाही.

आणि लोकांच्या व्यसनाची ही सबब सरकारंही वापरतात. चंद्रपूरच्या बायांनी ती डोळ्यांनी पाहिली. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींचे ठराव, मोर्चे, समित्या, एवढं सगळं झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. सुधीर मुनगंटीवार तेव्हा पालकमंत्री होते. वर्धा आणि गडचिरोलीला लागून सलग तिसरा जिल्हा कोरडा झाला. पुढं काय झालं तेही खोटं सांगण्यात अर्थ नाही. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून चोरटी दारू येऊ लागली, दुप्पट-तिप्पट भावानं विकली जाऊ लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड ठाण्याच्या एका उपनिरीक्षकाला दारू तस्करांच्या गाडीनं चिरडून मारलं. मग निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मार्च २०२१ मध्ये अहवाल आला आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळानं बंदी उठवली. तेव्हाचे पालकमंत्री विजय वडेट्टीवार यांनी बाजू मांडली, की बंदी फसली, बेकायदा दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका-पोरं त्या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला. जुलैमध्ये दुकानं उघडली. एका बारमालकानं पालकमंत्र्यांच्या फोटोला ओवाळल्याचंही तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

बंदी नीट चालत नव्हती, हे मला मान्य आहे. चोरटी दारू पिऊन पोरं मरत होती, हेही मान्य. पण सगळा युक्तिवाद कुठं येऊन थांबतो ते बघा. लोक पिणारच आहेत. म्हणजे अंमल करायचं काम ज्यांचं होतं त्यांचं अपयश पिणाऱ्याच्या नावावर जमा झालं. नवरा म्हणतो दारूनं केलं, पुढारी म्हणतो व्यसनानं केलं, सरकार म्हणतं जनतेच्या व्यसनानं करायला लावलं. पोलीस किती नेमले, तस्करांना शिक्षा किती झाल्या, सहा वर्षांत व्यसन सोडवणारी केंद्रं जिल्ह्यात किती उघडली, हे प्रश्न बंदी आणणाऱ्यांनाही विचारायला हवेत आणि उठवणाऱ्यांनाही.

आता आपल्या हातात काय राहिलं? २००८ चा आडवी बाटलीचा आदेश अजून आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घेतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचं दुकान बंद होतं. एकूण म्हणजे यादीतल्या सगळ्या, नुसत्या मतदानाला आलेल्या नव्हेत. म्हणून आपल्याकडच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात त्या दिवसांत मतदान आलं तर घात होतो, तारीख मागताना हे बघावं. गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या काही गावांत पेसा कायदा लागू आहे, तिथं दारूबाबत ग्रामसभेचा अधिकार आणखी मोठा आहे.

आणि पुढाऱ्याच्या गैरवर्तनाचं? ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ मध्ये गैरवर्तणूक आणि लाजिरवाणं वर्तन करणाऱ्या सरपंचाला, सदस्याला चौकशीनंतर काढण्याची तरतूद आहे. त्यात व्यसनी असल्यास सूट, असं कुठंही लिहिलेलं नाही. पण तक्रारीला पुरावा लागतो आणि तिथंच आपण कमी पडतो. महिला ग्रामसभेला जा. सरपंच पिऊन आले, अमुक बोलले, हे त्याच दिवशी कार्यवृत्तात लिहून घ्या. ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, लिहायला कां-कूं करतील. "जाऊ द्या ना ताई, साहेबांची तब्येत बरी नव्हती," असं म्हणतील. त्यांना म्हणावं, तब्येतीचंही लिहा. तारीख घाला, वेळ घाला, काय बोलले ते शब्द जसेच्या तसे घाला, आणि खाली हजर असलेल्या सगळ्या बायांच्या सह्या. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे.